बसमधली सूत्रं आणि उचगावचा थांबा

"पोरी, देवाचं नाव घेत्यास व्हय?"

मुडशिंगीहून कोल्हापूरला निघालेल्या बसमध्ये सोनम डोळे मिटून पुटपुटत होती, आणि कंडक्टर हंबीररावांना राहवलं नाही. तिनं डोळे उघडायच्या आत शेजारी उभा असलेला मुलगा म्हणाला, "देव न्हाय मामा, फिजिक्स हाय. आणि सूत्र उलटं म्हणायलीय."

सोनमनं त्याच्याकडं असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर पुढच्या थांब्याला उतरला असता. हा नुसता हसला. नुकताच उचगावला चढलेला हा नागसेन. मार्चच्या बारावीत त्याचंही फिजिक्स राहिलं होतं, आणि तिच्यासारखाच तोही ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी शहरातल्या क्लासला निघाला होता.

"सगळीच पाठ करत्यास?"

"मग सोडू कुठली?"

"थांबे किती? तेवढीच सूत्रं घे. एका थांब्याला एक."

त्याची युक्ती सोपी होती. कावळा नाक्याला बस वळली की माणसं एकमेकांवर पडतात... तिथं वर्तुळातल्या बळाचं सूत्र ठेवायचं. रेल्वे फाटकाला गाडीच्या शिट्टीचं. परीक्षेत डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात मुडशिंगीहून बस धरायची.

"आणि उचगावला?"

"तिथं ड्रायव्हर कचकन ब्रेक मारतोय. वरचे धरायचे पट्टे कसे झुलत्यात, बघ. तिथं लोलक ठेव."

सोनमला युक्ती हवीच होती. वडिलांनी, अण्णासोंनी, स्पष्ट सांगितलं होतं – ऑक्टोबरला निघालं तर पुढं शीक, नाहीतर गारगोटीला आत्याच्या दुकानात शिलाई मशीनवर बस. मशीनशी तिचं भांडण नव्हतं. पण आता गारगोटी म्हणजे ही बस नाही, आणि बस नाही म्हणजे...

ते पुढचं ती मनातसुद्धा बोलत नव्हती. शेजारच्या सीटवर मात्र रोज न चुकता दप्तर ठेवायची, आणि उचगाव आलं की उचलायची.

"कावळा नाका?" तो विचारायचा.

"एम व्ही वर्ग भागिले आर."

"दांडा धर, वळण आलं."

"धरलाय की," म्हणत ती हात मांडीवरच ठेवायची. वळणावर त्याचा खांदा लागायचा, आणि दोघंही खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखं बघत बसायची. तिला तो आवडत होता. आरशासमोर तिसऱ्यांदा वेणी सोडून घालताना तिनं ते स्वतःशी कबूल करून टाकलं.

परीक्षेत पहिलाच प्रश्न लोलकाचा आला. सोनमनं डोळे मिटले. बस निघाली, उचगाव आलं, ब्रेक लागला... आणि गर्दीतून वाट काढत, तिला शोधत येणारा नागसेन दिसला. निळा शर्ट दिसला, शर्टाचं तुटकं बटण दिसलं. पण सूत्रात एल वर की जी वर? ती पुन्हा मुडशिंगीला जाऊन बसली. पुन्हा तोच चढला. शेवटी प्रश्न सोडून ती पुढच्या थांब्याला निघाली.

पेपर संपल्यावर केंद्राच्या फाटकाशी तो उभा होता. "कसा गेला?"

"लोलक गेला." तिचे डोळे भरून आले. "चाललो मी गारगोटीला."

"आगं, पट्टे न्हाईत आठवले?"

"उचगावला पट्टे कोण बघतंय?"

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. कान तापले. नागसेन पेनाचं टोपण काढत बसला, लावत बसला.

"मी बी बघत न्हाय," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर लोलक मी घरात बसून पाठ केलता."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

"काय सांगू? उचगावला तू मलाच बघत असशील म्हणून?"

रडता रडता तिला हसू फुटलं.

निकाल लागला. नागसेनचं चांगलं निघालं, सोनमचं काठावर. पण काठावर का होईना, निघालं. आत्याच्या मशीनला दुसरी मुलगी मिळाली. जूनला कॉलेज, आणि तोवर दोघांचाही शहरात कॉम्प्युटरचा क्लास, म्हणजे बस तीच.

पहिल्या दिवशी उचगावला ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. सोनमनं दप्तर उचललं. नागसेन शेजारी बसला.

"एल वर, जी खाली," ती म्हणाली.

"आता पाठ करून काय उपेग?"

"असू दे की. घरात बसून केलंय."

डोक्यावर पट्टे झुलत होते. दोघांनीही वर पाहिलं नाही.