मंगळावरच्या आईची हजेरी

कुणी प्रश्न विचारण्याआधीच त्याचं उत्तर कसं द्यायचं? हा पेच एरवी फक्त पुढाऱ्यांना सुटतो. चौथीतल्या शाल्मली औटीला मात्र तो सोमवारच्या आत सोडवायचा होता. सोमवारी चिंचमाळच्या प्राथमिक शाळेत माता-पालक सभा होती आणि शाल्मलीची माता मंगळावर होती.

मंगळावर म्हणजे मंगळ ग्रहावरच. तिथल्या तांबड्या जमिनीखाली बर्फ आहे, तो वितळवून पाणी वर काढायला बोअर घ्याव्या लागत, आणि बोअर घेण्यात शाल्मलीच्या आईचा हात धरणारं कुणी नव्हतं. गावात कुणी विचारलं, "सूनबाई कुठं असतात हल्ली?" तर शाल्मलीचे आजोबा गंभीरपणे सांगत, "बाहेरगावी."

जग एवढं पुढे गेलं होतं, पण सभा मात्र मातांचीच राहिली होती. पित्यांनी सतरंज्या अंथरायच्या आणि चहा द्यायचा. पूर्वी या सभेला माताही फिरकत नसत. मग डुंबरे बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एक युक्ती केली. शाळेतून दर शनिवारी संध्याकाळी 'शाळावार्ता' प्रसारित होई. कुणाची वही सापडली, कुणाच्या वर्गाने झाडं लावली, अशा बातम्या गावातल्या प्रत्येक घरी दिसत आणि सुरत, मस्कत, जिथे जिथे गावची माणसं पोटापाण्यासाठी गेली असतील तिथेही पोचत. बाईंनी नियम केला: ज्या मुलाची आई सभेला हजर, त्यालाच वर्षभर शाळावार्ता वाचायला मिळेल. दुसऱ्या वर्षी सतरंज्या कमी पडल्या.

यंदाच्या आवाजाच्या चाचणीत शाल्मली पहिली आली होती. दुसरा आला होता रुद्राज खैरे. त्याची आई सभेला सर्वांत आधी येऊन पंख्याखाली बसत असे.

"पडद्यावरून हजर राहिलं तरी चालतं," शाल्मलीने घरी आबांना सांगितलं. "पण बाईंनी प्रश्न विचारला की आईने उत्तर द्यायला हवं. आणि आईचं उत्तर यायला किती वेळ लागतो, माहितीये ना? तिकडचं नेट इतकं स्लो का आहे हो?"

आबा म्हणजे तिचे आजोबा. त्यांनी नोकरीची सगळी वर्षं रेडिओ दुर्बिणीवर (आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी झेलणारी अवाढव्य परात) संशोधन केलं होतं. निवृत्त झाल्यापासून ते अशा प्रश्नांची वाटच पाहत असत.

"नेटचा दोष नाही गं. अंतराचा आहे. आईचा आवाज आणि चित्र इकडे कशावरून येतं?"

"रेडिओलहरींवरून."

"रेडिओलहरी (प्रकाशाचीच भावंडं, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारी) प्रकाशाच्याच वेगाने धावतात. एका सेकंदात तीन लाख किलोमीटर. म्हणजे तू 'आबा' म्हणेपर्यंत पृथ्वीला साडेसात फेऱ्या. याहून वेगाने या विश्वात कुणालाच जाता येत नाही. मंत्र्यांनासुद्धा नाही."

"मग उशीर व्हायलाच नको!"

"मंगळ सध्या साडेतेवीस कोटी किलोमीटरवर आहे. भाग तीन लाखांनी."

शाल्मलीने पाटीवर बोट फिरवलं. पाटी आता काचेची असली तरी भागाकार पूर्वीइतकाच लांबलचक होता. "सातशे ऐंशीच्या वर सेकंद. म्हणजे... तेरा मिनिटं!"

"जायला तेरा, यायला तेरा."

"सव्वीस मिनिटं सभेत कोण थांबेल, आबा?"

"भाषण असेल तर थांबतील. शांततेसाठी नाही थांबणार."

तेवढ्यात चहाची किटली घासता घासता बाबा म्हणाले, "पण प्रश्न तर दरवर्षी तेच असतात." तीन वर्षं सभेच्या दाराशी उभं राहून त्यांना ते पाठ झाले होते. अभ्यास घेता का? डब्यात काय देता? मोबाइल हातातून सुटतो का?

पेच सुटला. कार्यक्रमपत्रिका मंगळावर रवाना झाली. सभा अकराला, पहिला प्रश्न अकरा दहाला. आईने प्रत्येक उत्तर तेरा मिनिटं आधी द्यायचं, म्हणजे ते बरोबर वेळेवर उतरेल. हिशेब आबांनी दोनदा तपासला. त्यात एकच चूक होती. ती प्रकाशाची नव्हती, प्रमुख पाहुण्यांची होती.

सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा पाहुण्यांची खुर्ची रिकामी होती. हारवाला हार घेऊन उभा होता. भिंतीएवढ्या पडद्यावर शाल्मलीची आई हसऱ्या चेहऱ्याने त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "घेते ना अभ्यास. मी इथून पाढे म्हणते, ती तिथे म्हणते. माझं बे एके बे पोचेपर्यंत तिचे बे दाहे वीस होऊन जातात."

सभेत कुजबुज सुरू झाली. शाल्मलीने आबांकडे पाहिलं. आबा छताकडे पाहत होते.

पाहुणे आले. त्यांना हार घातला, नारळ दिला. आई म्हणाली, "मेथीची भाजी. तोंड वाकडं करून का होईना, पण गिळते."

पाहुणे माइकपाशी गेले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "या गावासाठी मी दिवसभर झटत असतो!"

"छे हो," आई म्हणाली. "दिवसभर हातात मोबाइलच असतो."

सभा इतकी हसली की पंख्याखालच्या खैरेवहिनींना ठसका लागला. हसू थांबेपर्यंत पडद्यावरच्या आईने एकदम कपाळावर हात मारला. "अगं बाई! मला दिसतंय त्या घड्याळात अकरा वाजले आणि पाहुण्यांचा अजून पत्ताच नाही की काय? म्हणजे माझी सगळी उत्तरं आधीच..."

"रेकॉर्डिंग!" रुद्राज उभा राहून ओरडला. "शाल्मलीची आई रेकॉर्डिंग आहे! आधीच बोलून ठेवलंय!"

सतरंजीच्या कडेने हजेरीमास्तर सरकत पुढे आला. हा शाळेचा रोबो. त्याला सगळे नियम तोंडपाठ होते आणि दया हा विषय त्याच्या अभ्यासक्रमात नव्हता. "औटी शाल्मली. माता गैरहजर," तो म्हणाला. "शाळावार्ता वाचणार खैरे रुद्राज."

शाल्मली उठून उभी राहिली. शाळावार्ता गेली तर गेली, पण आई गैरहजर? जी पहाटे उठून, म्हणजे तिकडच्या पहाटे उठून, केस विंचरून बसली होती, ती?

"मास्तर, थांबा," ती म्हणाली. "हजर म्हणजे काय?"

"हजर म्हणजे जी व्यक्ती आत्ता आहे तशी मला दिसते ती. पडद्यावरचं चित्र तेरा मिनिटांपूर्वीचं आहे. ते आत्ताचं नाही."

"आणि डुंबरे बाई?"

"त्या आत्ता दिसतात."

"कशा दिसतात?"

"त्यांच्या अंगावरून प्रकाश निघतो, माझ्या डोळ्यातल्या कॅमेऱ्यात शिरतो."

"मग त्याला यायला वेळ नाही लागत? आबा म्हणतात, प्रकाशालाही चालून यावं लागतं."

हजेरीमास्तरने बाईंपर्यंतचं अंतर मोजलं. त्याच्या कपाळावरचा हिरवा दिवा मिणमिणला. "लागतो. बाई दहा मीटरवर आहेत. एका सेकंदाचे तीन कोटी तुकडे केले तर त्यातला एक."

"म्हणजे तुम्हाला दिसतात त्या बाई थोड्या जुन्याच!"

"शाल्मली!" डुंबरे बाई म्हणाल्या.

"बाई, सगळेच! शेवटच्या ओळीतली आई पहिल्या ओळीतल्या आईपेक्षा जास्त जुनी. सुरतेच्या पडद्यावरची त्याहून जुनी. माझी आई फक्त सगळ्यात जास्त."

हजेरीमास्तरचा दिवा आता भराभर मिणमिणू लागला. त्याने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. "चंद्र सव्वा सेकंद जुना," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "सूर्य सव्वाआठ मिनिटं. रात्रीचे तारे काही वर्षं, काही हजारो वर्षं. मला जे जे दिसतं, ते ते होऊन गेलेलं आहे." मग त्याने बराच वेळ नियम तपासले. रोबोच्या हिशेबाने बराच, म्हणजे चार सेकंद. "नियमाप्रमाणे," तो हळूच म्हणाला, "या सभेला कुणीच हजर नाही."

पाहुण्यांनी चोरून स्वतःचा दंड चाचपून पाहिला.

"ते असू दे!" रुद्राज म्हणाला. त्याने खिशातून एक चिकू काढला आणि पडद्यावरच्या कॅमेऱ्यापुढे धरला. "रेकॉर्डिंग नाही ना? मग सांगू दे तिला, माझ्या हातात काय आहे!"

"सांगेल," शाल्मली म्हणाली. "पण थांबावं लागेल." आणि तीही कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. काय विचारावं ते तिने ठरवलं नव्हतं. तोंडून आपोआप निघालं, "आई, तू आहेस ना?"

डुंबरे बाईंनी घड्याळ पाहिलं, सभा पाहिली. मग म्हणाल्या, "चहा द्या. थांबू या."

पिते किटल्या घेऊन फिरले. आधी सगळ्या आया गप्पा मारत होत्या. मग आबा उठले आणि त्यांनी माइक न घेता सांगायला सुरुवात केली. "चिकू निघाला बरं का. चंद्राइतकं अंतर त्याने तुम्ही कप उचलण्याआधीच मागे टाकलं. आता वाटेत काही नाही. हवा नाही, आवाज नाही, धुळीचा एखादा कण असेल नसेल. आपली एवढीशी हाक त्यातून चाललीये, प्रत्येक सेकंदाला तीन लाख किलोमीटर, आणि तरी अजून पोचली नाही. एवढं आभाळ मोठं आहे."

कपांचे आवाज थांबले. पडद्यावर आई कागद चाळत होती, मधेच ओशाळून हसत होती. तिला चिकू माहीतच नव्हता. तिच्या दृष्टीने तो अजून घडायचा होता.

"आता पोचली," कितीतरी वेळाने आबा म्हणाले.

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. आई तशीच कागद चाळत होती. शाल्मलीच्या अंगावर काटा आला. तिकडे, खऱ्या तांबड्या मातीवर, आई या क्षणी चिकू पाहत होती. कदाचित हसत होती, बोलतही होती. पण ते हसू अजून निघून इकडे यायचं होतं. एकच आई, आणि तिच्या दोन वेळा. एक दिसणारी, एक असणारी.

खैरेवहिनींनी पंखा बंद करायला सांगितला. आवाज नको म्हणून.

सव्वीस मिनिटं सरली. पडद्यावर आईने मान वर केली. डोळे बारीक केले. "खैऱ्यांचा रुद्राज ना तू? अरे, चिकू कसला दाखवतोस मला? आणि तू हे ऐकशील तोवर तो पोटात गेला असेल, मला माहितीये. बिया कुठे टाकल्यास? सतरंजीखाली? उचल आधी."

सभेने रुद्राजकडे पाहिलं. रुद्राजने सतरंजीकडे पाहिलं. मग वाकला आणि तीन काळ्याभोर बिया उचलून त्याने मुकाट्याने खिशात घातल्या.

"आणि शालू," आई म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "आहे गं मी. तेरा मिनिटं मागे आहे, एवढंच."

कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्या नुसत्या पाहत राहिल्या, जणू पडदा नव्हताच, खिडकी होती आणि पलीकडे खरोखर साडेतेवीस कोटी किलोमीटर अंधार होता.

हजेरीमास्तर पुढे सरकला. "दुरुस्ती. औटी शाल्मली. माता हजर. तेरा मिनिटं उशिरा."

"पाहुण्यांपेक्षा लवकरच," डुंबरे बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या विषयाला हात घातला.

शनिवारी संध्याकाळी शाल्मली शाळेच्या छोट्या खोलीत माइकपुढे बसली. गच्चीवरची अँटेना आवाज करत मंगळाकडे वळली. आबा शेजारी बसले होते आणि रुद्राज यंत्राची बटणं सांभाळायला आला होता. त्याने ते काम मागून घेतलं होतं.

"आबा," त्याने विचारलं, "ही बातमी मंगळावर पोचली की थांबते का हो?"

"मंगळ केवढासा! थोड्या लहरी तो झेलतो. बाकीच्या त्याच्या कडेने पुढे निघून जातात. पसरतात, फार क्षीण होतात, पण थांबत नाहीत. गुरूपलीकडे, शनीपलीकडे. काही वर्षांनी त्या एखाद्या ताऱ्याजवळून जातील."

"आणि तिथे कुणी असलं तर?"

"त्यांच्याकडे खूप मोठी परात असली, तर त्यांना चिंचमाळची शाळावार्ता ऐकू येईल. ती ऐकताना ते म्हणतील, ही मुलं आत्ता बोलतायत. तोवर तुम्ही बाप्ये-बायका होऊन, कोण जाणे, त्यांच्याच दिशेने निघालेले असाल."

रुद्राजने बटणावरचं बोट जरा अलगद ठेवलं. लाल दिवा लागला. शाल्मलीच्या कागदावरची पहिली बातमी दुसरीतल्या एका मुलाच्या हरवलेल्या निळ्या चपलेची होती, डाव्या पायाच्या. तिने खिडकीतून आभाळाकडे एकदा पाहिलं, आवाज नीट केला, आणि ती बातमी सावकाश, स्पष्ट, कुणालाही समजेल अशी वाचायला सुरुवात केली.