साडेनऊ

दार ओढून घ्या आधी. कोपऱ्यातला दिवा राहू दे, नाहीतर उद्या तुमची आई म्हणेल, मामानं पोरांना घाबरवलं.

मी थापा मारतो असंही ती म्हणते. मारतो. मागच्या खेपेची ती विहिरीतल्या बाईची गोष्ट थाप होती, कबूल. तिथं मुळात विहीरच नव्हती. पण ही तशी नाही.

"कुणाच्या बाबतीत घडली, मामा?"

माझ्या ओळखीच्या माणसाच्या. तू आत्ता ज्या पलंगावर तंगड्या पसरून बसली आहेस ना, तो त्याच्याच हातचा आहे. ...अगं, उठू नकोस. पलंगाला काही झालेलं नाही.

त्या माणसाला सगळे झटपट म्हणायचे. सुतार. हात असा चालायचा की गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत खुर्चीचा पाय बसलेला. गल्लीच्या टोकाला पत्र्याचं छप्पर असलेलं दुकान होतं, ते त्याच्या सासऱ्याचं. सासरा म्हणजेच त्याचा उस्ताद. आधी काम शिकवलं आणि मग मुलगी दिली. "काम शिकताना पळून गेला नाही, म्हणजे संसारातूनही जायचा नाही," असा म्हाताऱ्याचा हिशोब.

म्हाताऱ्याला लोक साडेनऊ म्हणायचे. तरुणपणी करवतीच्या मशीननं त्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्ध्यावर नेलं होतं. तो दुकानात शिरला की कुणीतरी हमखास ओरडायचं, "वाजले रे साडेनऊ!" सगळ्यात जोरात हसायचा तो स्वतः.

पण मशीनजवळ त्याचं हसणं बंद. लोखंडी टेबल, मधल्या फटीतून वर आलेलं गोल पातं. म्हातारा म्हणायचा, "हे जनावर पाळीव नाही. रोज भेटतं म्हणून ओळख ठेवतं असं समजू नका." बाह्या कोपराच्या वर. हातमोजे नाहीत, कारण दोरा जरी पात्यात गेला तरी मागून हात जातो. पातं लाकडाच्या वर नखाएवढंच. आणि पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, डावीकडे सरकून राहायचं. झटपट विसरायचा. मग म्हातारा काही न बोलता मागून येऊन त्याच्या उजव्या कोपराला धरायचा आणि एक पाऊल डावीकडे सरकवायचा. लग्नानंतरही. "जावईबापू, पोट तुमचं असलं तरी माझ्या मुलीचं कुंकू आहे त्यावर."

आणखी एक होतं. अकरावं बोट.

म्हणजे काठी. वीतभर लांब, पुढे चोचीसारखी खाच. लाकडाची शेवटची टीचभर लांबी पात्यातून पुढे ढकलायची ती हातानं नाही, त्या काठीनं. म्हातारा तिला अकरावं बोट म्हणायचा. "त्याला खायचंच असेल तर अकरावं खाऊ दे." मशीन लावण्याआधी तो त्या काठीनं टेबलावर दोनदा वाजवायचा. टक, टक. मशीन बंद केलं की पातं पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची. मग दोन्ही हात वर करून हजेरी द्यायची. झटपट म्हणायचा, "दहा." म्हातारा म्हणायचा, "साडेनऊ." मग दुकान बंद. वीस वर्षं, एक दिवस चुकला नाही.

म्हातारा गेला तो साधा तापानं. अंथरुणात, मुलीच्या हातून पाणी पिऊन.

पुढे काय व्हायचं तेच झालं. हजेरी बंद पडली. एकट्यानं "दहा" म्हणायला लाज वाटते हो माणसाला. आणि एक दिवस टेबलाचा पाय हलत होता, तर झटपटनं समोर पडलेली वस्तू उचलून खाली ठोकली. पाय हलायचा थांबला. अकरावं बोट मधोमध मोडलं.

बायको म्हणाली, "अहो, दुसरी करून घ्या."

"करतो की. पाच मिनिटांचं तर काम."

पाच मिनिटांची कामं पाच पाच महिने पडून राहतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ...तुझं कपाट आवरलंस का?

बरं. आता रात्र सांगतो. सतरा जानेवारी, गुरुवार. वेळ... तुम्हाला वाटेल साडेनऊ. नाही. आठ वाजून दहा मिनिटं. भुतं घड्याळ बघून येत नाहीत.

झटपटला तीन दिवसांपूर्वी मुलगी झाली होती. उद्या सकाळी आठला बायको तिला घेऊन दवाखान्यातून घरी यायची होती. बाळाची खाट त्यानं स्वतः केली होती, चारी बाजूंनी कठडा. एक पट्टी तेवढी बसवताना चिरली होती. त्या जागी अशी फट राहिली होती की बाळाचं डोकं अडकावं. तो दवाखान्यातून निघताना बायको म्हणाली, "उद्या दिवसाउजेडी करा ना. तीन रात्री झोपला नाहीत तुम्ही. बाबा काय म्हणायचे, दमलेल्या माणसानं..."

"...मशीनला हात लावायचा नाही. माहितीये. एकच पट्टी गं."

"अकरावं केलंत ना नवीन?"

"केलं."

खोटं बोलला. बाळंतिणीशी.

दुकान उघडलं. दिवा लावला. थंडी होती, म्हणून अंगात बायकोनं विणलेला सैल बाह्यांचा स्वेटर. खाटेच्या खांबांना खाचा पाडताना त्यानं पात्यावरचं कव्हर काढून ठेवलं होतं. पात्यामागची पाचरही काढली होती. पाचर म्हणजे पोलादाची पातळ पट्टी. कापलेलं लाकूड मागे पुन्हा मिटू नये, पात्याला आवळू नये म्हणून असते ती. कव्हर आणि पाचर दोन्ही फळीवर ठेवलेली होती. हात पोहोचेल इतकी जवळ.

"एकच पट्टी," तो स्वतःशी म्हणाला.

फळी ठेवली. बटणाकडे हात नेला.

टक, टक.

तो थांबला. टेबलाखाली वाकून बघितलं. काही नाही. थंडीत पत्रा आकसतो, वाजतो. वाजू दे.

पण ते वाजणं त्याला खटकलं. लाकडाचा आवाज कोरडा असतो. हा तसा नव्हता. आपण बोट दुमडून दारावर वाजवतो ना... तसा.

त्यानं मशीन लावलं.

पातं घुमायला लागलं. भुसा उडू लागला. फळी पुढे सरकत होती. पट्टी दोन बोटं रुंद. एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला लाकूड मापात ठेवणारा लोखंडी आधार, आणि त्या दोहोंच्या मधून त्याचा उजवा हात. काठीनं करायचं काम. काठी टेबलाच्या पायाखाली.

टीचभर राहिलं.

लाकूड मागच्या बाजूला मिटायला लागलं. त्याला दिसलं. पट्टी थरथरली. त्याला कळत होतं की आता सोडायचं नाही आणि धरायचंही नाही. आणि आपण उभे आहोत ते पात्याच्या बरोबर रेषेत.

स्वेटरची बाही पुढे ओढल्यासारखी झाली...

आणि कुणीतरी उजवा कोपर धरला.

मागून. शांतपणे. वीस वर्षं धरायचं तसं. एक पाऊल डावीकडे.

पट्टी उडाली. तो होता तिथून, पोटाच्या उंचीवरून, मागे गेली. धाड्.

त्याच क्षणी त्याच्या हातावर दुसरा हात आला. थंड. त्याचा हात पात्यापासून बाजूला सारला. आणि मशीनचा आवाज बदलला.

क्षणभर. खर्र.

पातं लाकडात शिरलं की कसं वाजतं, ते झटपटला झोपेतही ओळखता आलं असतं. हे लाकूड नव्हतं.

मग लाल बटण दाबलं गेलं. त्यानं नाही दाबलं.

पातं हळू झालं. आणखी हळू. दात दिसायला लागले. थांबलं.

दिवा चालू होता. दुकानात कुणी नव्हतं.

...

त्यानं हात वर केले. का, ते त्यालाही सांगता येत नाही. सवय मेलेली नसते, पोरांनो, नुसती निजलेली असते. बोटं मोजली. बाही फाटली होती. बोटं होती.

"दहा," तो म्हणाला.

मशीनच्या पलीकडे अंधार.

थांबला. कशासाठी थांबला, ते त्याला माहीत होतं. गेलं वर्षभर ऐकला नव्हता तो शब्द ऐकायचा होता. भीती वाटत होती, आणि ऐकायचाही होता.

पलीकडून आवाज आला. म्हाताऱ्याचाच. थकलेला.

"नऊ."

...

झटपट पळाला. दार उघडं, दिवा चालू, तसाच.

"मग, मामा?"

मग सकाळ झाली. तो बायकोला आणायला गेला. डोळे लाल. बायकोला वाटलं, जागरण. दुकान वाटेतच. दार उघडं दिसलं, तशी ती बाळाला घेऊन उंबऱ्यापर्यंत आली.

मागच्या प्लायच्या भिंतीत पट्टी घुसली होती. हातभर आत. बायकोनं तिकडे बघितलं. मग त्याच्या पोटाकडे. बाळाला घट्ट धरलं.

मग ती मशीनजवळ गेली. पात्यावर डाग नव्हता. टेबलावर भुशाचा पातळ थर होता आणि त्यात, पात्याच्या अगदी कडेला, एक पंजा उमटलेला. डावा. मोठा, आणि अंगठा थोडा वाकडा. झटपटचा अंगठा वाकडा नाही.

डोळे भरून आले तिचे. त्या पंज्यावर तिनं अलगद स्वतःचा हात धरला, न टेकवता.

"अहो, बाबांचा हात..."

आणि मग ती थबकली. वाकून पाहिलं. अंगठा होता. पहिलं बोट होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं होतं. मधे, जिथं अर्ध्या बोटाचं थोटूक उमटायला हवं, तिथं भुसा सपाट. जराही हललेला नाही.

"पण अहो," ती म्हणाली, "बाबांचं ते अर्धं बोट... ते कुठं गेलं?"

झटपटनं आपली दहाच्या दहा बोटं पाठीमागे लपवली.