तीनशे प्रतींतलं कोलम

तांबरमहून सिरुसेरीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये खिडकी मिळाली की रंजनी डोळे मिटायची, ती थेट ऑफिस येईपर्यंत. त्या दिवशी मात्र शेजारच्या माणसाच्या मांडीवर मराठी कागद दिसले आणि तिची झोपच उडाली. चेन्नईत, २००८ साली, सकाळी सव्वासातला, बसमध्ये कविता! आणि कविता तरी कुणाची... तिचीच की हो!

त्याचं लाल पेन ‘कोलम’ या शब्दावरून आडवं फिरलं. वर लिहिलं, ‘रांगोळी’.

“अय्यो! खोडू नका ते!”

तो दचकलाच. “तुम्ही... मराठी?”

“तीनशे वर्षांपासून,” ती फणकारली. “तंजावरची. आणि ती कविता माझी आहे.”

तो उदयसिंह. साताऱ्याचा, दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी आलेला, आणि मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक. बिचाऱ्याचे कान लाल झाले.

“कविता सुरेख आहे हो. फक्त एक शब्द... सगळ्यांना कळावा म्हणून.”

“सगळी कविता त्याच शब्दावर उभी आहे!”

तिला राग यायला कारण होतं. मंडळात ती पहिल्यांदा गेली, तेव्हा तिचं घरचं मराठी ऐकून दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. वर्षभर ती तिथे तोंड उघडायची नाही. मग ही कविता तिनं मुद्दाम घरच्या शब्दांत लिहिली आणि मनाशी ठरवलं, जशीच्या तशी छापली तर मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात उभं राहून वाचायची. नाहीतर मराठीत पुन्हा एक ओळ लिहायची नाही.

“पण कोलम म्हणजे रांगोळीच ना?” तो म्हणाला.

“रविवारी सकाळी सहाला घरी या. बघा, आणि मग सांगा.”

आला की पठ्ठ्या! सहाला पाच कमी असतानाच, केसांना पाणी लावून. सरोजाअम्मांनी, म्हणजे रंजनीच्या आईनं, हातात पितळी पेला दिला. “बस रे बाळा, काप्पी घे.”

दारात सडा पडला होता. रंजनी ओणवी होऊन चिमटीतून तांदळाचं पीठ सोडत होती. आधी ठिपके, मग ठिपक्यांना वळसे घालत जाणारी रेघ... एक बट गालावर आली. हात पिठाचे, सारायची कशी? तिनं फुंकर मारून पाहिली. उदयसिंहाची काप्पी निवत चालली होती, पण त्याचं लक्षच नव्हतं.

रेघ पुरी होते न होते तोच मुंग्या आल्या. एकेक कण उचलून निघाल्यासुद्धा.

“रांगोळी दगडाची,” रंजनी हळूच म्हणाली. “दगड कोण खाईल? हे घालायचंच मुळी यांच्यासाठी. दिवसभरात संपतं, उद्या पुन्हा घालायचं. आता शेवटची ओळ म्हणा बघू.”

त्याला ती पाठ होती.

“मी दारातलं कोलम... ज्याला भूक, त्यानं न्यावं. उद्या मी आहेच.”

मग त्यानं मनातल्या मनात ‘रांगोळी’ घालून पाहिलं. ओळीतला जीवच गेला. पेला खाली ठेवून तो म्हणाला, “रंजनी, मी चुकलो. त्या दिवशी बसमधून उतरलो आणि दुपारीच अंक ‘रांगोळी’सकट प्रेसमध्ये देऊन आलो. वाटलं, एका शब्दानं काय बिघडतंय...”

तिनं हात झटकले. “काप्पी प्या आणि जा.”

त्यानंतर तीन आठवडे ती बसमध्ये पुढच्या सीटवर बसली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पाहावंसं वाटलं नाही असं कोण म्हणेल?

दिवाळीच्या कार्यक्रमाला अम्मांनी तिला ओढूनच नेलं. दारातच अंक हातात पडला. नको नको म्हणत तिनं ते पान उघडलं. छापील ‘रांगोळी’वर एक सरळ रेघ. वर निळ्या शाईत, हातानं: ‘कोलम’. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत: ‘चूक संपादकाची.’

तिनं अम्मांचा अंक पाहिला. तिथेही तेच. शेजारणीचा ओढून घेतला. तिथेही!

उदयसिंह दाराशी उभा होता. बोटं पेरांपर्यंत निळी.

“सगळ्या प्रती?”

“तीनशे. दोनशेनंतर अक्षर जरा बिघडलंय... सांभाळून घ्या.”

तिचे डोळे भरून आले. तशीच ती स्टेजवर गेली आणि वाचली तिनं कविता, आपल्या हेलात, आपल्या शब्दांत. कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतली एकजण तर म्हणाली, “पुन्हा म्हण गं, शेवटचं.”

बाहेर चपला शोधताना तो जवळ आला. “एक उपमा सुचलीय. संपादन कराल?”

“चंद्र-बिंद्र असेल तर आत्ताच खोडते.”

“नाही...” तो अडखळला. “तुम्ही कोलम, तर... मी मुंगी. रोज सकाळी तुमच्या दारात यायला मिळालं, तर जन्मभर दुसरं काही मागणार नाही.”

“मुंगी? सहा फुटांची?”

“चुकली का उपमा?”

रंजनीनं त्याचा निळा हात हळूच हातात घेतला.

“असू दे,” ती म्हणाली. “ही मात्र खोडू नकोस.”