तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या

दिवा चालू राहू दे, पण ते मोबाइल जरा पालथे घाला. आणि मध्येच ‘मग काय झालं’ म्हणून टोकायचं नाही. काय झालं ते सांगायलाच बसलोय मी. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली, तो माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस आहे.

धंद्यानं किल्लीवाला. बाजाराच्या तोंडाशी त्याची पेटी असते. कसलंही कुलूप द्या, कानाशी धरून दोनदा हलवेल आणि सांगेल, आत काय बिघडलंय ते. साऱ्या शहराची दारं उघडून देणारा हा माणूस, पण स्वतःला राहायला दार नव्हतं. चार वर्षं एका खोलीत नऊ जणांबरोबर पाळीपाळीनं झोपायचा. बायको आणि मुलगी गावाकडे, मेव्हण्याच्या घरी. एकदा तो गावी गेला, तर सहा वर्षांची मुलगी शेजारणीला सांगत होती, “आमच्याकडे पाहुणे आलेत.” त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. परत आला तो मनाशी ठरवूनच, काहीही करून यांना इथं आणायचं.

मग एजंटांचे उंबरे झिजवणं सुरू झालं. एकानं जिन्याखालची खोली दाखवली, तिला खिडकीच नव्हती. दुसरीकडे भाडं कसंबसं जमत होतं, तर मालकीणबाई म्हणाल्या, “लहान मूल नको, आवाज होतो.” बाकीच्यांनी जो आकडा सांगितला, तो ऐकून हा जिन्यावरूनच मागे फिरला. अशी दोन वर्षं गेली.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी त्याला एका चार मजली इमारतीच्या मालकाचं बोलावणं आलं. गच्चीची किल्ली हरवली होती, एवढंच काम. कुलूप उघडता उघडता यानं सवयीनं विचारलं, “साहेब, कुठं खोली आहे का हो? बायको-पोर आहे.”

मालक जरा घुटमळला. “तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. मोठी खिडकी आहे. बाहेर चालतं त्याच्या निम्म्या भाड्यात देतो.”

“निम्म्या का?”

“माणसं टिकत नाहीत,” मालक म्हणाला, आणि गच्चीवरून खाली बघत राहिला.

आपला गडी टिकण्याची बात ऐकायला थांबलाच नाही. आठवड्यात बायको-मुलगी आली. मुलीनं खिडकीत बसून एकदम सतरा रिक्षा मोजल्या. यानं मात्र सामान लागायच्या आधी दाराचं कुलूप बदललं. किल्लीवाल्याची खोडच ती. जुन्या कुलपाच्या किल्ल्या कुणाकुणाकडे असतील, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? जुनं कुलूप पेटीत टाकलं, नवं बसवलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या घरात बायको-मुलीच्या शेजारी आडवा झाला.

गुरुवारची रात्र. दोन वाजून चाळीस मिनिटं. कसल्याशा आवाजानं तो जागा झाला आणि त्यानं उशाचं घड्याळ बघितलं, म्हणून वेळ पक्की.

दारात किल्ली चालली होती.

चोर नव्हे. चोराचा हात त्याला ओळखता येतो. हा घरच्या माणसाचा हात होता, बिनघोर. किल्ली जुन्या कुलपाची होती, लांब दांड्याची. नव्या कुलपात अर्धी जात होती, अडत होती. बाहेर यायची. पुन्हा आत... पुन्हा अडायची. मग जरा घाईनं. मग अगदी हळू, जणू आतल्यांची झोप मोडू नये म्हणून.

त्यानं दाराच्या भिंगातून पाहिलं. जिन्यावर दिवा होता. माणूस नव्हता. दाराला टेकलेल्या हाताखाली कुलूप मात्र हलत होतं.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्रीही. वेळेत मिनिटाचा फरक नाही. बायको जागी असायची, हा जागा असायचा, आणि दोघंही एकमेकांना झोपल्याचं दाखवायची. शेवटी तळमजल्यावर कपड्यांना इस्त्री करणाऱ्या मावशींनी हातातली इस्त्री बाजूला ठेवून सांगितलं.

“काचा बसवायचा तो. मोठमोठ्या टॉवरांना. साडेतीन वर्षं घर शोधत होता बायको-पोरांसाठी. या खोल्या मिळाल्या त्या दिवशी मला किल्ली दाखवायला आला होता लहान मुलासारखा. ‘मावशी, परवा आणतोय त्यांना!’ ज्या दिवशी ती येणार, त्याच दिवशी अठ्ठाविसाव्या मजल्यावरून...” मावशींनी समोरच्या शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली. “ती बाई दोन पोरं घेऊन सकाळपासून वर जिन्यावर बसून होती. दाराला कुलूप. मीच पाणी नेऊन दिलं. संध्याकाळी फोन आला. तशीच गेली ती, तिथून परस्पर.”

“आणि किल्ली?”

“ती कुठं सापडलीच नाही.”

आता त्याला कळलं, माणसं का टिकत नव्हती. त्यांनी कुलूप बदललं नव्हतं. त्यांच्या वेळी दार उघडत होतं.

बायको म्हणाली, “अहो, ते जुनं कुलूप लावा परत. त्याचं घर आहे ते.”

“अगं, वेडी की काय? तो आत आला आणि पोरगी घाबरली तर? मग कुठं जायचं? पुन्हा तुझ्या भावाकडे?” त्याचा आवाज चढला. “हे कुलूप आहे म्हणून आपलं घर आहे.”

त्या रात्री किल्ली थांबल्यावर, त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं... बाहेर, पायरीवर, कुणीतरी रडत होतं. तोंडावर हात धरून मोठा माणूस रडतो तसं. किल्लीवाला उठून बसला. सहा वर्षं त्या नऊ जणांच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, तो स्वतः असाच रडला होता.

सकाळी त्याच्या बायकोनं मावशींकडून नंबर घेतला आणि त्या बाईला फोन लावला. कसं सांगायचं कळेना. नुसतं म्हणाली, “ताई, त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांत आम्ही राहतो आता.”

पलीकडून बाईनं विचारलं, “घर कसं आहे हो आतून? ते सांगत होते, मोठी खिडकी आहे. आम्ही नुसतं दारच बघितलं.”

बायकोला रडू आवरेना. तिनं सगळं सांगितलं. खिडकी कुठं, ओटा केवढा, दुपारी ऊन कुठवर येतं. बाई मध्ये मध्ये “हां... हां...” म्हणत होती. शेवटी बायको म्हणाली, “ताई, एकदा येऊन बघाच. पोरांना घेऊन या. एक रात्र राहा.” नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही तिनं.

डिसेंबरातल्या शनिवारी ती आली. आठ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी. मुलं तिघं मिळून खिडकीत रिक्षा मोजत बसली. बाईनं सगळ्या भिंतींवरून हात फिरवला. जेवणं झाल्यावर किल्लीवाल्यानं तिला रात्रीचं काय ते सांगितलं. ती घाबरली नाही. फक्त म्हणाली, “दार उघडेल असं करा, भाऊ.”

त्यानं नवं कुलूप उतरवलं. जुनं बसवलं. हे शेवटचं घर, हे गेलं तर संपलं, हे त्याला ठाऊक होतं. तरी बसवलं.

बाई आणि तिची मुलं आतल्या खोलीत झोपली. भिंतीकडे ती, मग दोन्ही मुलं. खिडकीकडे एका माणसापुरती फरशी तिनं तशीच मोकळी सोडली. काही न ठरवता, सवयीनं.

दोन चाळीस.

किल्ली आली. आत गेली. पूर्ण.

फिरली.

दार उघडलं... गार वारा आला. किल्लीवाल्यानं मुलीला छातीशी धरलं. डोळे मिटले. पावलं आत आली. दमलेली. त्याच्या अंथरुणाशी थांबली.

पावलं पुढं गेली. आतल्या खोलीच्या दारात. तिथं थांबली.

काही नाही.

किती वेळ, कोण जाणे.

मग एक माणूस बोलला. अगदी हळू.

“आलात?”

आतून बाईचा आवाज आला. “हो.”

एवढंच. त्यानंतर... नाही, त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. घरभर लोकांच्या श्वासांचा आवाज. किल्लीवाला शप्पथ घेऊन सांगतो, माणसं सहा होती आणि श्वास सात होते.

पहाटे दार लावलेलं होतं. बाई भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले. म्हणाली, “आता नाही येणार ते.” दुपारच्या गाडीनं ती मुलांना घेऊन परत गेली. या शहरात एकटीच्या कमाईवर तिला कोण घर देणार होतं? मुलगा जाताना खिडकीशी उभा राहिला, तर हलेचना. त्याला उचलून न्यावं लागलं.

त्यानंतर किल्ली कधी वाजली नाही. जुनं कुलूप आजही त्या दारात आहे.

पण त्याच सकाळी किल्लीवाल्याची बायको आतल्या खोलीतली अंथरुणं गोळा करायला गेली. डिसेंबरातली फरशी, पाय ठेववत नव्हता. खिडकीजवळ मात्र ती थबकली. तिथं अंथरूण नव्हतं, गोधडी नव्हती, नुसती उघडी फरशी. तिनं वाकून हात लावला. एका माणसाच्या लांबीरुंदीची जागा, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी, ऊबदार.

ती जागा अजून तशीच आहे. आता त्यांची मुलगी मोठी झालीय, तिला अभ्यासाला टेबल हवंय, आणि दोन खोल्यांत जागा किती असणार? तरी तेवढी फरशी ते मोकळी ठेवतात. मागच्या थंडीत मी गेलो होतो, तेव्हा त्यानं माझा हात धरून तिथं टेकवला.

मी लगेच काढून घेतला. झोपलेल्या माणसाला धक्का लागावा, तसं वाटलं मला.