कांदळवनातली काळी रेघ

दुपारी बाराला सैन्यातल्या कॅप्टनची बोट कोळी प्रेयेला लष्करी न्यायासनापुढे नेणार होती. तेलाचा पाइप तोडणाऱ्याला नव्या कायद्यात दोनच वाटा होत्या: गोळ्या किंवा एकवीस वर्षं.

“तीन आठवडे समुद्रावर होतो, बाई,” कोठडी केलेल्या शाळेच्या गजांआडून प्रेये म्हणाला. “काल संध्याकाळी आलो. अख्ख्या गावानं माझे मासे खाल्ले. आणि सकाळी माझ्याच होडीत करवत!”

त्याच्या बायकोनं बोलावलेल्या खासगी तपासनीस इबिफुरोबाईंनी पाइप बघायला होडी मागवली. त्यांचा सहायक टेकेना, निवृत्त हवालदार, घड्याळ बघत होता.

कंपनीचा इंजिनियर लाडेजो वैतागलेला होता. “काल संध्याकाळी पाइप मी स्वतः तपासला. धडधाकट होता. रात्री कापला. करवतही मीच शोधली.”

“तुम्ही कुठले?”

“इबादान शहराचा, समुद्रापासून लांब. तिथं असला चिखल नसतो.”

पाइप आडखाडीत होता. तिथं गावाला बंदी होती. होडी कांदळवनात शिरली, तशा बाई म्हणाल्या, “टेकेना, उतरा. मुळांवर तेलाची रेघ कुठवर?”

“कमरेशी.”

“आज सकाळच्या भरतीची ओल?”

“गुडघ्याशी. पण बाई, माझी विजार—”

“अमावस्या कधी होती?”

“रविवारी. आज शनिवार. त्याचं काय?”

पावणेबाराला बाई शाळेत कॅप्टनसमोर उभ्या राहिल्या. लाडेजो टेबलाशी बसला होता आणि प्रेयेला बेड्या घालून तिथंच आणलं होतं.

“अमावस्येला भरती कमरेपर्यंत चढते. मग आठवडाभर रोज थोडी उतरते. काल रात्रीपासून पाणी गुडघ्यावर गेलेलं नाही. मग कमरेशी तेल कोणी लावलं?”

“लाटेनं उडालं असेल.”

“प्रत्येक मुळावर, एकाच उंचीवर? तेल अमावस्येपासून गळतंय, कॅप्टन. तेव्हा प्रेये समुद्रावर होता. आणि या साहेबांना तोच पाइप काल धडधाकट दिसला.”

“ते खोटं का बोलतील?” टेकेनानं विचारलं.

“गंजून फुटला तर कंपनी गावाला भरपाई देते आणि इंजिनियरला घरी पाठवते. कोणी कापला, तर दोन्ही टळतं.”

लाडेजो खुर्चीतून अर्धवट उठला. “तो फुटलाच होता! मी फक्त त्या भेगेवर करवत चालवली!”

“फक्त,” कॅप्टन म्हणाला. त्यानं प्रेयेच्या हातातल्या बेड्या काढल्या आणि लाडेजोसमोर धरल्या. “आधी फुटला होता का, हे कायदा विचारत नाही. करवत कोणाच्या हातात होती, एवढंच विचारतो.”

लाडेजोचे हात टेबलाखालून वर येईनात. शेवटी सैनिकांनीच ते ओढून काढले.

प्रेये धक्क्यावर आला. कापलेल्या पाइपातलं तेल एव्हाना गावाच्या खाडीत पोचलं होतं. दोन्ही काठ काळे.

“सुटलास बाबा,” टेकेनानं त्याच्या पाठीवर थाप दिली.

“हो ना काका,” प्रेये म्हणाला. “आता जाळं कुठं टाकू, तेवढं सांगा.”