निर्गंध प्रभाग

काचेच्या बंद खोलीत नगरसेविका सुमन पठारे खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्या समोरच्या घमेल्यात वेळूखिंडीच्या कचरा डेपोवरून आणलेला ओला, सडका कचरा होता. बाहेर उभ्या असलेल्या डॉ. शर्वरी केणी यांनी कळ दाबली. छतातून बारीक धुकं उतरलं आणि विरून गेलं. थोड्या वेळानं सुमनताईंनी नाकावरचा पदर बाजूला केला, वाकून घमेल्याजवळ नाक नेलं आणि त्या रडू लागल्या.

शर्वरीला त्या रडण्याचं नवल वाटलं नाही. डेपोच्या पायथ्याला सुमनताईंचा प्रभाग होता. तिथल्या मुली पाहायला आलेले लोक चहा न घेता उठत. पोरं जेवता जेवता ओकत. डेपो हलवण्यासाठी सुमनताईंनी मोर्चे काढले होते, सर्वसाधारण सभेत ठिय्या दिला होता, पण शहराला दुसरी जागा मिळत नव्हती. शेवटी आयुक्तांनी प्रश्न शर्वरीच्या प्रयोगशाळेकडे पाठवला. कचरा हलत नसेल, तर निदान त्याचा वास हलवता येईल का?

नाकाच्या शरीरशास्त्राचे तज्ज्ञ डॉ. इरफान मुल्ला शर्वरीचे जुने सहकारी होते. चाचणीनंतर त्यांनी सुमनताईंना सगळं सोप्या शब्दांत समजावलं. नाकात शेकडो प्रकारची कुलपं असतात. वासाचा कण म्हणजे किल्ली. किल्ली बसली की मेंदूला वर्दी जाते. कुजणाऱ्या कचऱ्याची दुर्गंधी मुख्यतः गंधकाच्या संयुगांची, आणि त्यांची कुलपं मोजकीच. शर्वरीनं बनवलेला गंधरोधक नेमका त्याच कुलपांत जाऊन बसतो. मोगरा, मसाला, भाकरी, सगळ्यांचे वास जसेच्या तसे येतात.

"आणि गॅस सिलिंडर?" इरफाननी शर्वरीकडे वळून विचारलं. "गळती कळावी म्हणून त्यात जो वास मिसळतात, तोही गंधकाचाच आहे."

शर्वरीनं यावर विचार केला होता. महापालिका प्रभागातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात वायुसूचक घंटा बसवणार होती. तशा घंटा खरोखरच बसल्या, आणि चोख चालल्या. इरफान नागपूरच्या संस्थेत रुजू व्हायला गेले ते निर्धास्त मनानं.

प्रभागातल्या दिव्यांच्या खांबांवर गंधरोधकाचे फवारे लागले. आपण दुसऱ्यांच्या नाकावर प्रयोग करतो आणि स्वतः लांब राहतो, असं कोणी म्हणू नये म्हणून शर्वरीनं वेळूखिंडीतच भाड्यानं घर घेतलं. पहिल्या आठवड्यात लोकांनी खिडक्या उघडल्या. गच्चीवर पापड वाळत पडले. सुमनताईंचे यजमान भिकाजी नाल्याकाठी चहाची गाडी लावत. पूर्वी तिथं कोणी थांबत नसे, आता बाकडी अपुरी पडू लागली. शर्वरी रोज सकाळी त्यांच्याकडे चहा प्यायची आणि ते तिच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत.

प्रभाग कार्यालयातल्या तक्रारी वर्षभरात थांबल्या. मग सभेत डेपोचा विषय निघाला, तेव्हा स्थलांतराचा ठराव मागे घेण्यात आला. शेजारच्या दोन नगरपालिकांचा कचराही वेळूखिंडीत टाकायचं ठरलं. शर्वरी आयुक्तांना भेटली. डेपो हलेपर्यंतची सोय म्हणून आपण हे केलं होतं, असं तिनं सांगितलं. आयुक्तांनी तिला शांतपणे कायदा समजावला. रहिवाशांना जाणवतो तो उपद्रव. तक्रार नसेल तर उपद्रव नाही, आणि जो उपद्रव नाही त्यावर खर्च करता येत नाही. सुमनताईंनाही आता भांडायला माणसं मिळेनात. कशासाठी भांडायचं, असं लोक त्यांनाच विचारत.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात अवेळी पाऊस लागला. ओला झालेला कचऱ्याचा डोंगर एका सकाळी खचला आणि त्याच्या पोटात कोंडलेला हायड्रोजन सल्फाइड हळूहळू बाहेर येऊ लागला. हवेपेक्षा जड असलेला तो वायू उतारावरून घसरत नाल्यात साचला. वारा नव्हता. हा वायू अगदी थोडा असला तरी सडक्या अंड्यांसारखा घाणतो. पूर्वी असं झालं असतं तर विष चढायच्या कितीतरी आधी माणसं नाक दाबून पळाली असती. त्या सकाळी नाल्याकाठी लोक गप्पा मारत बसले. डोळे चुरचुरतात, थंडीनं असेल, असं कोणीतरी म्हणालं. मग एकेक जण बाकड्यावरच कलंडला. स्वयंपाकघरातल्या घंटांना हा वायू ओळखता येत नव्हता.

एकोणीस माणसं गेली. भिकाजी त्यांतच होते.

शर्वरीला सर्दी झाली होती म्हणून ती त्या दिवशी चहाला गेली नव्हती. इस्पितळाच्या आवारात सुमनताई भेटल्या. शर्वरीनं हात जोडले. घाण वास हा नुसता त्रास नसतो, ती वर्दी असते, हे तिला सिलिंडरच्या बाबतीत कळलं होतं आणि कचऱ्याच्या बाबतीत सुचलं नव्हतं.

"मागितलं मीच होतं," सुमनताई म्हणाल्या. "आता ते बंद करा. घाण येऊ दे आम्हाला. मी पुन्हा मोर्चा काढते."

फवारे त्याच दिवशी उतरवले. नाल्यावर, वायू प्राणघातक पातळीला गेला की वाजणारे भोंगे बसले आणि डेपोवर मातीचा थर पसरला. आठवड्याभरात कुलपं मोकळी होतील असं शर्वरीचं गणित होतं. ती रोज सकाळी दारात उभी राहून श्वास घ्यायची. महिना गेला, दोन गेले. कुठं वास नाही, एकही तक्रार नाही. मातीच्या थरानं काम केलं असावं, असं तिला वाटू लागलं. सुमनताईंच्या मोर्चाला चार बायकाही जमल्या नाहीत. खात्री करून घ्यावी म्हणून शर्वरीनं इरफानना बोलावलं.

ते दुपारी आले. नळावर बायका कपडे धूत होत्या, सुमनताई आणि शर्वरी रस्त्याच्या कडेला वाट पाहत होत्या. इरफाननी गाडीचं दार उघडलं, एक पाय खाली टेकला आणि जागीच वाकून ओकले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नळावरच्या बायका थांबून बघत राहिल्या. साहेबांना गाडी लागली असेल, असं म्हणत एकीनं तांब्या पुढे केला.

शर्वरीनं खोल श्वास घेतला. ओल्या साबणाचा वास आला. बाकी काही नाही.

"तुम्हाला येत नाहीये," इरफान रुमालाआडून म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

गाडीत काचा चढवून बसल्यावर त्यांनी सांगितलं. नाकातल्या गंधपेशी सतत मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. पण जिला काम मिळतं तीच नवी पेशी टिकते. दोन वर्षं ज्या कुलपांना किल्लीच लागली नाही, त्यांच्या पेशी गळून गेल्या आणि त्यांची पैदासच थांबली. आता उघडायला कुलूपच उरलं नव्हतं. हवेतला वायू भोंगे वाजण्याइतका नव्हता, पण वर्षानुवर्षं हुंगला तर मुलांच्या फुप्फुसांची वाट लावण्याइतका नक्की होता.

"मग तक्रार करू," सुमनताई म्हणाल्या.

प्रभाग कार्यालयात तिघं गेली. कारकुनानं इरफानचा पत्ता विचारला आणि नम्रपणे नकारार्थी मान हलवली. तक्रारदार प्रभागाचाच रहिवासी लागतो. तेव्हा शर्वरीनं आपलं नाव दिलं. असह्य दुर्गंधी येते, असं तिनं धडधडीत खोटं सांगितलं. ते खोटं अक्षरशः खरं होतं.

नियमाप्रमाणे पडताळणीसाठी स्वच्छता निरीक्षक उठले. ते वेळूखिंडीतच राहत. सज्जन माणूस होता, नाल्याकाठी त्यांचाही पुतण्या गेला होता. ते बाहेर ओट्यावर गेले, डोळे मिटून उभे राहिले आणि छाती भरून श्वास घेतला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. त्यांना काहीतरी सापडावं अशी त्यांचीच इच्छा दिसत होती.

आत येऊन ते खुर्चीत बसले आणि शर्वरीची नजर टाळत कारकुनाला म्हणाले, "लिहा. उपद्रव आढळला नाही."