उबेला ठेवलेली होडी

गोठ्यातली शेवटची डुकरं विकली गेली आणि तौनो आठवडाभर तोंड पाडून बसला. त्याच्या बायकोला, केर्तूला, मात्र त्या रिकाम्या गोठ्यात वेगळंच काही दिसत होतं. जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या होत्या, बॉयलर ठणठणीत होता, दार ट्रॅक्टर आत जाईल एवढं रुंद होतं. पाइनच्या रांगेपलीकडे समुद्र. तुर्कू शहरातली निम्मी माणसं उन्हाळाभर होड्या घेऊन बेटांमधून हिंडतात आणि पानगळ लागली की त्या ठेवायच्या कुठे म्हणून डोकं धरून बसतात.

"डुकरांच्या जागी होड्या?" तौनो म्हणाला.

"ओरडत नाहीत, खात नाहीत, घाण करत नाहीत."

"मग जीव कसा लागायचा त्यांच्यावर?"

पण लागला. पहिल्याच हिवाळ्यात गोठा भरला. पांढऱ्याशुभ्र होड्या लोखंडी टेकूंवर खेटून बसल्या आणि तौनोने त्यांना जुन्या डुकरांची नावं दिली. दातांच्या डॉक्टरांची भलीमोठी शिडाची होडी 'जाडी' झाली. डॉक्टरांना हे कधी कळू नये एवढीच केर्तूची इच्छा होती.

एवर्ट आला तो सगळ्यांत शेवटी. हा म्हातारा दूरच्या बेटांवरचा. आता तो तुर्कूला मुलीच्या फ्लॅटमध्ये राहायला चालला होता. मुलीच्या गाडीमागे त्याने एक जुनी लाकडी होडी ओढत आणली होती. डांबराचा वास, आणि आत बसायच्या फळ्या घासून मऊ झालेल्या.

केर्तूची सगळी नोकरी बॉयलर तपासण्यात गेली होती. ऊब लाकडाचं काय करते हे तिला सांगावं लागत नसे.

"अहो एवर्ट, लाकडी होडी कुणी असं उबेत ठेवतं का? मी इथली हवा मुद्दाम कोरडी ठेवलीय. फळ्या सुकतील, सांधे उघडतील. पाण्यात सोडलीत की चाळणी होईल."

"सुकायची नाही ती, पोरी."

साठी उलटलेल्या केर्तूला कुणी 'पोरी' म्हटल्यावर तौनो दाराआड जाऊन हसला.

"मुलगी मला उबेत ठेवणार," एवर्ट म्हणाला, "आणि हिने बाहेर कुडकुडायचं? जमायचं नाही मला."

मग होडी राहिली. बॉयलरच्या खोलीजवळच्या कोपऱ्यात तिला टेकूंवर चढवून केर्तूने पट्ट्यांनी आवळून टाकलं.

बर्फ पडायला लागलं त्या सुमारास होडीखाली पाणी दिसलं. केर्तूने पुसलं. दुसऱ्या दिवशी परत. तिने छप्पर तपासलं, नळ्यांचा दाब पाहिला, भिंतींवर हात फिरवला. सगळं कोरडं ठाक. होडीच्या फळ्या मात्र ओल्या, फुगलेल्या, नुकत्याच समुद्रातून ओढून काढल्यासारख्या. तिने बोट लावून जिभेवर ठेवलं. किंचित खारट.

"बादली ठेव," तौनो म्हणाला. "आपल्या जाडी डुकरिणीला तर अख्खं घमेलं लागायचं."

नाताळ जवळ आला, खाडी गोठली, लोक बर्फावरून गाड्या न्यायला लागले. आणि एका सकाळी होडीच्या तळाशी चंदेरी हेरिंग मासे तडफडताना सापडले. चांगले परातभर.

केर्तू त्यांच्याकडे बघत राहिली. तौनोने तोवर बाह्या सरसावल्या होत्या. त्याने ते राय धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात तळले आणि शेजाऱ्यांनाही बोलावलं.

"भर हिवाळ्यात इतके ताजे? कुठून आणलेस?" शेजारी विचारत होते.

"गोठ्यातून," तौनो म्हणाला, आणि टेबलाभोवती हशा पिकला.

केर्तूने आधी खाल्लं नाही. मग वास असह्य झाला आणि तिने सगळ्यांपेक्षा जास्त खाल्लं.

दुपारी तिने एवर्टला फोन लावला.

"हेरिंग का?" तो खूश होऊन म्हणाला. "मग अजून जवळपासच आहे ती."

"जवळपास म्हणजे? मी आत्ता तिच्यापाशी उभी आहे. पट्ट्यांनी बांधलीय मी तिला."

"हो, तेही खरंच," एवर्ट म्हणाला. मागे त्याच्या मुलीचा टीव्ही मोठ्याने चालू होता. "आत कुणी बसत नाही ना पण?"

"कोण बसणार?"

तौनो बसत होता. होड्यांखालची जमीन झाडून झाली की कॉफीचा थर्मास घेऊन तो होडीत चढायचा. डुलतेय, छान वाटतं, म्हणायचा. जानेवारीत, जेव्हा सूर्य नुसता डोकावून जातो, तेव्हा त्याचं नाक उन्हाने सोललं. केर्तूने बॉयलरच्या झळेला दोष दिला. तिला स्वतःलाच ते पटलं नाही.

"उद्यापासून तिच्यात बसायचं नाही," ती म्हणाली.

"अगं, होडीचा मत्सर करतेस?"

"करते. चालेल?"

"चालेल की," म्हणून त्याने तिच्या गालाचा मुका घेतला.

आणि पुढच्याच दिवशी गुपचूप जाऊन बसला.

केर्तूने दुपारच्या जेवणाचे बटाटे चुलीवर ठेवले होते. त्याला हाक मारायला ती गोठ्यात गेली. दिवे चालू होते. थर्मास शिडीच्या पायथ्याशी.

"तौनो! जेवायला चल!"

"आलो!"

आवाज त्याचाच होता. पण लांबून आला होता. पाण्यावरून येतो तसा, थोडा मागे रेंगाळत.

ती शिडी चढली. होडीत कुणी नव्हतं. तळाशी पाणी हलत होतं.

"तौनो!"

 कुठेतरी वल्ह्यांचा आवाज. मग तो थांबला.

ती जाडीमागे धावली. बॉयलरच्या खोलीत पाहिलं. दाराबाहेरचं बर्फ पाहिलं. त्यावर तिच्या एकटीच्याच पावलांचे ठसे होते. त्याचे सकाळचे केव्हाच झाकले गेले होते.

ती परत आली तेव्हा तो शिडी उतरत होता.

गुडघ्यापर्यंत भिजलेला. गालांवर दाट, पांढरी दाढी. सकाळी तिच्यासमोर त्याने गुळगुळीत दाढी केली होती.

तो तिच्याकडे बघत उभा राहिला. मग हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. गार बोटांनी त्याने तिचा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, हनुवटी.

"बटाटे होत आलेत," ती कशीबशी म्हणाली.

"कसले बटाटे?" तौनोने विचारलं.

त्या दिवसापासून होडी थेंबभरही ठिबकली नाही. बर्फ वितळेपर्यंत तिच्या फळ्या सुकून सांधे उघडले, अगदी केर्तूने सांगितलं होतं तसे. एवर्ट न्यायला आला तेव्हा त्याने भेगांतून पलीकडचा उजेड पाहिला आणि तक्रारीचा एक शब्द काढला नाही. जाताना तौनोचा हात मात्र त्याने बराच वेळ हातात धरून ठेवला.

तौनो काय झालं ते सांगत नसे. फिरून आलो, एवढंच. आणि खरं सांगायचं तर केर्तूचे दिवस मजेत चालले होते. तो आता सकाळी तिच्या आधी उठून कॉफी करी, सॉनाच्या वाफेत तिची पाठ घासून देई, बाजारात तिचा हात धरून चाले. शेजारणी चिडवायच्या, "काय गं, म्हातारा नव्याने प्रेमात पडला की काय?" केर्तू लाजायची, आणि तिला लाजायला आवडायचं.

उन्हाळ्यात सगळ्या होड्या पाण्यात गेल्यावर ती दोघं सुट्टी काढून फेरीबोटीने हेलशेरला गेली. बेटांच्या पार टोकाचं बेट, लाल घरं आणि वारा. केर्तू तिथे पहिल्यांदाच येत होती. धक्क्यावरच्या छोट्या कॉफीच्या दुकानात वेलदोड्याच्या पावाचा वास दरवळत होता. दुकानाची म्हातारी मालकीण तौनोला बघताच हात पुसत बाहेर आली आणि तिने टेबलावर पावांची बशी ठेवली.

"आलात! त्या बर्फातून होडी कशी बाहेर काढलीत, आम्ही अजून बोलतो त्याबद्दल." तिने मायेने त्याच्या दंडावर हात ठेवला. "आणि बायको गेल्याचं दुःख? थोडं हलकं झालं का हो?"

मग तिची नजर केर्तूकडे वळली. तिने ओळख नसल्यासारखी मान लववली.

तौनोने पावाची बशी केर्तूपुढे सरकवली. सगळ्यांत मोठा पाव तिच्या बाजूला येईल अशी.

"झालं," तो प्रसन्नपणे म्हणाला. "बरंच हलकं झालं आता."